सहावी चकती

नारिनच्या बाजाराच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथं चांभार आणि घड्याळजी बसायचे, तिथं बुरुलचं लेझरचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. दोन खिडक्यांची एक खोली. एका खिडकीतून गिऱ्हाईक डोकावतं, दुसरीतून धुराचा पाईप बाहेर जातो. बुरुलनं वीस वर्षं शाळेत रेखाचित्र शिकवलं होतं, त्यामुळे माणसानं तोंड उघडायच्या आत त्याचं माप काढायची तिला खोड होती. जो ‘काहीही चालेल’ म्हणत येतो तो तीनदा बदलून मागतो. जो दारातूनच किंमत विचारतो तो घेऊन जातो. आणि जो बरोबर चार माणसं घेऊन येतो, त्याच्या घरात त्याचं कोणी ऐकत नाही.

दारावरच्या पाट्या, शर्यतीच्या ढाली, चाव्यांना अडकवायचे तंबू असलं सगळं ती कापायची, पण तिचं नाव झालं ते ‘सात बापां’मुळे. अ‍ॅक्रिलिकच्या सात गोल चकत्या, एकावर एक, प्रत्येक वरची खालचीपेक्षा बोटभर लहान. सगळ्यात खाली सातवा बाप, त्यावर सहावा, असं चढत चढत वर जन्मदाता आणि शेंड्यावर लाल रंगात मुलाचं किंवा मुलीचं नाव. प्रत्येक चकतीची जी कड उघडी राहते तिच्यावर त्या पूर्वजाचं नाव. खाली लाकडी बैठकीत दिवा. तो लावला की उजेड थराथरांतून वर चढतो आणि अक्षरं पेटल्यासारखी दिसतात. दोन वर्षांत अशी पद्धतच पडली, की सोयरीक ठरली की दोन्ही घरांनी आपापले सात बाप बुरुलकडून करून घ्यायचे आणि बैठकीच्या दिवशी जेवणाच्या दस्तरखानावर शेजारी शेजारी मांडायचे. सात पिढ्यांत नातं निघालं तर लग्न होत नाही, हे काही तिथं कोणाला शिकवावं लागत नाही. ते आधीच विचारून झालेलं असतं. चकत्या नुसत्या मिरवायला.

तुर्दाकून आबा सोमवारी आले. वय शहात्तर, डोक्यावर पांढरी उंच टोपी, हात मागे बांधलेले. घोड्यांच्या सरकारी फार्मावरून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण गावातल्या एकाही मेजवानीतून ते निवृत्त झाले नव्हते. नातीचं, बेगायिमचं लग्न ठरलं होतं आणि रविवारी व्याही घरी यायचे होते.

“सहावी चकती सोनेरी कर,” आबा म्हणाले. “आरशासारखी. बोरुबाय बी आहे तो.”

सहा बोटांचा बोरुबाय बी, म्हणजे न्यायनिवाडा करणारा सरदार. तीन खोऱ्यांतले तंटे ज्याच्या तंबूपुढे सुटायचे, तो. आबांनी शेहेचाळीस वर्षं त्याच्या गोष्टी इतक्या मेजवान्यांत सांगितल्या होत्या की आबा कुठं थांबून मिशीवरून हात फिरवणार हेसुद्धा गावाला पाठ होतं.

“आबा, आरशातून उजेड वर चढत नाही,” बुरुल म्हणाली. “बी सोनेरी केला तर त्याच्या वरचे पाचही जण अंधारात राहतील. त्यांत तुम्ही आलात.”

“राहू देत. त्याच्या सावलीतच वाढलोय आम्ही.”

बुरुलनं सोनेरी चकती त्याच दिवशी कापून ठेवली.

बुधवारी काल्बूबू एजे, म्हणजे काल्बूबूताई, आली. ही मुलाची, एल्दियारची आत्या. मुलगा बिश्केकला वाढलेला, आईबाप लवकर गेलेले. आता इथं रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता आणि त्याच्या लग्नाचं सगळं ही एकटी बघत होती. त्याच्यासाठीच ती यंदा नारिनला राहायला आलेली, आबांच्या मेजवान्यांत कधी बसलेली नव्हती. काल्बूबू एजेच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पुलापलीकडे पोचते, हेही बुरुलच्या मापात बसलेलं होतं.

“पोरगं हुशार आहे गं,” एजे बसता बसता म्हणाली, “पण बाप पाचच पाठ! पहिल्या बैठकीत त्यांच्या म्हाताऱ्यानं विचारलं. हा आपला घाम पुसत पाचव्यापर्यंत आला, आणि नेमकी मटणाची परात आली. मग कोण विचारतंय! सगळे हात धुवायला उठले, त्यांचे बाप तर विचारायचेच राहिले. मी मनात म्हटलं, धन्य गं ती सून, काय वेळेवर शिजवलंस!”

“आणि पुढचे दोन?”

“तेच तर. अतबाशीच्या ओरोझाली काकांना फोन केला, सगळे सात लिहून घेतले. हे बघ.”

बुरुल एकेक नाव संगणकात घालत गेली. सहाव्यापाशी तिची बोटं थांबली. कागदावर होतं: बोरुबाय बी, सहा बोटांचा.

“हे सहा बोटांचं कोरायचं का एजे?”

“कोर, कोर! काकांनी बजावून सांगितलंय. म्हणाले, हल्ली कोणीही उठतो आणि त्याचा नातू होतो.”

बुरुलनं मान खाली घालून पुढचं नाव टाईप केलं. बोलली असती तर लग्न मोडल्याची बातमी एजेच्या आधी घरी पोचली असती.

ती गेल्यावर बुरुलनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. पाच नावं वेगळी, सातवं आणि सहावं तेच. पाचव्यापाशी दोन भाऊ फुटत होते, दोघं बोरुबायचे मुलगे. म्हणजे बेगायिम आणि एल्दियार एकाच बापाच्या पोटचे, सहाव्या पिढीत. हिशेब लहान मुलालाही जमला असता. रविवारी दोन्ही उतरंडी शेजारी मांडल्या, दिवे लावले, की बघणाऱ्याला जमणारच होता.

आपलं काम कापायचं, असं तिनं स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. तेवढ्यात दुपारच्या सुट्टीत बेगायिम आली. दवाखान्यात नर्स होती. कोटाखालून पांढरा झगा दिसत होता. शेंड्यावरचा लाल रंग कुठला ते बघायला आली होती.

“डाळिंबी घेऊ का एजे? त्याचाही डाळिंबीच करा. आम्ही दोन्ही एकाच कपाटावर ठेवणार आहोत.”

“तीन वर्षं थांबलीस ना गं तू?”

“तीन वर्षं दोन महिने. तो रशियात होता तेव्हा आई म्हणायची, पोरगा परत येतो की नाही कोण जाणे. आला.” आणि ती हसली. “आता काय, चार दिवस.”

बुरुलनं डाळिंबी तुकडा उजेडात धरला आणि बाजूला काढून ठेवला. बेगायिम गेल्यावर तिनं तुर्दाकून आबांना फोन केला. मापात थोडी शंका आहे, उद्या येऊन जा, म्हणाली.

आबा गुरुवारी आले ते थट्टा करतच. “काय, बी मावत नाही होय तुझ्या मशीनमध्ये?”

बुरुलनं दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. आबांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत वाचलं.

“हे कोणाचं?”

“एल्दियारचं. त्याच्या आत्यानं दिलं.”

“खोटं आहे,” आबा म्हणाले. “थोरामोठ्यांची नावं लावून घेतात लोक. लाज नाही राहिली.”

“असेलही. पण अतबाशीचे काका रविवारी येतायत. बीचं खोगीर त्यांच्या घरी आहे म्हणतात.”

धुराचा पंखा घरघरत होता. आबांनी खोगिराबद्दल काही विचारलं नाही. आणि एरवी बीच्या खोगिराची गोष्ट सुरू झाली की त्यांना थांबवावं लागायचं.

“तू एक कर पोरी,” ते जरा वाकून म्हणाले. “त्यांच्या चकतीवर बोरुबायचं बोरुबेक कर. एवढंसं तर आहे. मशीन चुकतंच की.”

“मशीन नाही चुकत आबा, मी सांगते ते कापतं. आणि बोरुबेकला सहावं बोट कुठून आणू?”

आबांनी कागद दूर सारला.

“आबा,” बुरुल म्हणाली, “दोन्ही कागद खरे असतील तर लग्न मोडलं. एक खोटा असेल तर होतंय. मला एवढंच मोजता येतं. कुठला खोटा ते मोजणारी मी कोण?”

आबा उठले. तिनं किटली उचलली, पण ते चहा न घेताच गेले. तुर्दाकून आबा कुठून चहा न घेता गेल्याचं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी ते आले नाहीत. बुरुलनं बाकीच्या चकत्या कापल्या. सकाळी वीज भरात असते, तेव्हाच कापून घ्यावं लागतं. दुपारनंतर घरोघरी विजेच्या शेगड्या लागल्या की किरण अर्ध्यातच दमतो आणि कड दातेरी निघते. नावं उलटी, खालच्या अंगानं कोरायची, म्हणजे वरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि अक्षर काचेच्या पोटात असल्यासारखं दिसतं. चकतीवर चिकटून आलेला कागद शेवटपर्यंत सोलायचा नाही, नाहीतर धूर बसतो. पुसायचं ते साबणाच्या पाण्यानं; स्पिरिट लावलं की कोरलेल्या जागी केसासारख्या भेगा पडतात. एल्दियारचे सातही झाले. बेगायिमचे सहा झाले, आणि सहाव्याची जागा रिकामी ठेवून तिनं ती उतरंड फडक्याखाली झाकली.

शनिवारी दुपारी आबा दारात उभे राहिले. टोपी हातात.

“तेझेक,” ते म्हणाले.

“काय?”

“नाव. सहावा. लिही, तेझेक.”

तेझेक म्हणजे शेणाची गोवरी. पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्याला नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवत. अशा नावाची माणसं खोऱ्याखोऱ्यात होऊन गेली आहेत. बुरुलनं स्टूल पुढे सरकवलं. या वेळी आबा बसले.

“बोरुबायचे घोडे राखायचा तो. माझ्या बापानं मला सातही पाठ करून दिले होते, तेझेकसकट. तीस वर्षांचा होतो. फार्मावर मेजवानी होती, मी उभा राहून म्हटले. तेझेक म्हटल्याबरोबर संचालकाचा मेव्हणा ओरडला, गोवरी इथं आहे, मग धूर कुठंय? सगळे हसले. बायको नवी होती माझी. तीसुद्धा हसली.”

“मग?”

“पुढची मेजवानी दुसऱ्या खोऱ्यात होती. तिथं बोरुबाय म्हटलं. तेझेकच्या बापाच्या जागी बीचा बापही आणून बसवला. कोणी हटकलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. चौथ्या-पाचव्यांदा मलाच खरं वाटायला लागलं. बोटं सहा होती हे सांगताना माझा हात दुखायचा, काय सांगू तुला.”

“आणि तुमचे वडील?”

“ऐकलं त्यांनी एकदा. उठून बाहेर गेले, घोड्याचा पट्टा बघायला. परत विषय काढला नाही.” आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “सातव्याचंही बदल. तिथं बायझाक.”

म्हणजे दोन चकत्या. बुरुलनं मान हलवली.

“घरी सांगितलंत?”

“नाही. आधी इथं म्हणून बघतोय, तोंडातून निघतं का ते.”

“निघालं की.”

“तू एकटीच आहेस. उद्या चाळीस जण आहेत.”

दुपार झाली होती, वीज मंदावली होती, म्हणून बुरुलनं किरण हळू चालवला. “रंग कुठला?”

“सोनेरी नको. साधी, काचेसारखी कर. जाऊ दे उजेड वर.”

“नावाशेजारी काही काढायचं? बीच्या शेजारी तुम्ही सहा बोटांचा हात सांगितला होतात.”

आबांनी मशीनच्या झाकणातून आत बघितलं. “एक काठी काढ,” ते म्हणाले. “एका हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर कवच धरलं. घोडे खूर आपटून आपटून रक्ताळले, खाली गवत, पण तोंड पोचेना. तीन खोऱ्यांतली जनावरं मेली. हा काठी घेऊन घोड्यांच्या पुढे चालत राहिला, कवच फोडत. चाळीस दिवस. बोरुबायच्या साठ घोड्या जगल्या. नंतर तो बी झाला तो त्या साठ घोड्यांच्या जोरावर.”

“ही गोष्ट तुम्ही कधीच सांगितली नाहीत.”

“कोणाची म्हणून सांगणार?”

किरणानं अक्षरं कोरली, मग कड कापली. निळी ठिणगी गोल फिरून जिथून निघाली तिथं आली. बुरुलनं दोन्ही चकत्या धुतल्या, पुसल्या, दोन खिळ्यांवर सगळी उतरंड बसवली आणि चिकटद्रवाची सुई हातात घेतली. “आबा, हे थरांमध्ये आपोआप पसरतं. एकदा धरलं की सुटत नाही. मागाहून सोनेरी बसवता यायची नाही.”

आबांनी नातीचं नाव वाचलं, स्वतःचं वाचलं. “लाव,” ते म्हणाले. मग दारातून वळून, “त्या सोनेरीचं काही तरी कर. चाव्यांना अडकवायचं वगैरे. पैसे मी देतो.”

रविवारी दोन्ही उतरंडी घेऊन बुरुल गेली आणि दाराजवळ बायकांत बसली. मानाच्या जागी अतबाशीचे ओरोझाली काका, ऐंशीच्या घरातले, वाळक्या अंगाचे, नवे दात चमकवत. शेजारी एल्दियार, ताठ, गळ्यातल्या टायनं हैराण. बेगायिम सगळ्यांना चहा ओतत होती. दिवे लावले, लोकांनी वा वा केलं. आबांचा मुलगा असान सात बाप म्हणायला उठला.

“बस,” आबा म्हणाले. “मी म्हणतो.”

त्यांनी असानपासून सुरुवात केली. स्वतःचं नाव घेतलं. तिसरा, चौथा, पाचवा. मग थांबले. मिशीवरून हात फिरवायची जागा ती नव्हती, पण हात तिकडे गेला आणि खाली आला.

“तेझेक,” ते म्हणाले.

“बाबा, बोरुबाय,” असान हळूच म्हणाला.

“तेझेक. बोरुबाय बीचे घोडे राखणारा. सातवा बायझाक.” आबांचा आवाज चढला होता, ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसा. “शेहेचाळीस वर्षं मी खोटं सांगितलं. पोराला खोटं शिकवलं. बोरुबाय यांचा, पाहुण्यांचा. आज नातीचं लग्न त्यावर अडत होतं म्हणून सांगतोय. नाहीतर मेलो असतो तरी सांगितलं नसतं.”

बेगायिमनं किटली खाली ठेवली. काल्बूबू एजेनं आपल्या बाजूची उतरंड बघितली, बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! म्हणजे आपण आज…” बाकीचं तिनं गिळलं, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

आबा उभेच होते. सगळे काकांकडे बघत होते. मोडायचं की ठेवायचं, ते त्यांच्या तोंडून निघणार होतं. खोटं बोलणाऱ्या घरातली मुलगी नको, असं ते म्हणाले असते तर कोणाला काही बोलता आलं नसतं.

“वीस वर्षं झाली,” ओरोझाली काका म्हणाले, “मी ऐकून आहे, की नारिनला कोणीतरी आमच्या बीचा नातू झालाय म्हणून. पण आपले व्याही तेच निघणार हे काय ठाऊक! इथं पाय ठेवल्यावर कळलं, कोण ते. म्हटलं, आज सगळ्यांदेखत दाताखाली धरतो याला. त्यासाठी हे नवे दात बसवून आलो.” त्यांनी दात दाखवले. “आता मटणालाच लावतो. काय करणार!”

कोणीतरी हसलं, मग दोघं-तिघं. आबा हसले नाहीत. ते खाली बसले.

परात आली. बोकडाचं डोकं रिवाजानं काकांपुढे ठेवलं. त्यांनी सुरीनं कान कापून मुलांना दिला, मग दोन्ही डोळे काढले. एक स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा सुरीच्या टोकावर धरून हात लांब केला, आबांपर्यंत.

“घे. एक मी खातो, एक तू खा. डोळे वाटून खाल्ले की अधूनमधून तुझं तोंड बघावंसं वाटेल.”

“माझं?” आबा म्हणाले.

“नाहीतर कोणाचं? मेव्हण्याचं?”

म्हणजे ती जुनी थट्टा अतबाशीपर्यंत पोचलेली होती. आबांनी डोळा घेतला आणि चघळू लागले. बेगायिमनं त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी वाटी धरली. ते तिच्याकडे बघेनात.

“आजोबा,” ती म्हणाली, “मला तो बी लहानपणापासून आवडत नव्हता. नुसता बसून निवाडे द्यायचा. ही काठी कसली काढलीय?”

मग काठीची गोष्ट सांगावी लागली. आबांनी ती वाईट सांगितली. कुठं थांबायचं ते ठरलेलं नव्हतं, साठाचे एकदा पन्नास झाले, कवच कसं फुटतं ते सांगताना शब्द सापडेना तर त्यांनी पोळीचा तुकडा मोडून दाखवला. बोरुबायच्या गोष्टीला लोक खाता खाता मान डोलावत. आज परातीत कोणाचाही हात नव्हता, हे बुरुलनं मोजून घेतलं.

निरोपाच्या वेळी सगळे त्या दोन उतरंडींभोवती जमले. एल्दियार सहाव्या कडेवर वाकून नाव वाचत होता. आबा बुरुलपाशी आले.

“पोरी, हे प्लास्टिक टिकतं किती?”

“उन्हात ठेवू नका. बाकी आपण सगळे गेलो तरी राहील.”

आबांनी चष्मा कपाळावर चढवला, लांबून डोळे बारीक करून बघितलं आणि तिच्यावर उखडले.

“मग अक्षरं जरा मोठी काढायला काय झालं होतं तुला? इथून वाचता येत नाही, तेझेक आहे म्हणून!”